पडद्यावरच्या लाकूडतोड्याची वंशावळ

अमेरिकेतल्या हिस्टरी वाहिनीवर ९ मार्च २००८ रोजी ‘ॲक्स मेन’ हा रिॲलिटी शो सुरू झाला. ओरेगन राज्याच्या डोंगराळ जंगलात लाकूडतोड करणाऱ्या टोळ्या आणि त्यांच्या पाठीवर फिरणारे कॅमेरे. उतारावरून सुटलेले ओंडके, ताणून तुटायला आलेल्या पोलादी तारा, गड्यांवर खेकसणारे मुकादम. कोणत्या टोळीचे किती ट्रक भरले, याची पडद्यावर जणू शर्यतच लागलेली. निर्माता थॉम बिअर्स. त्याने २००५ साली बेरिंग समुद्रातल्या खेकडे पकडणाऱ्या बोटींवर ‘डेडलिएस्ट कॅच’ केला होता, २००७ साली गोठलेल्या तळ्यांवरून ट्रक हाकणाऱ्यांवर ‘आइस रोड ट्रकर्स’. साचा तिथेच तयार झाला. जोखमीचं काम घ्यायचं, दोन-तीन तापट माणसं निवडायची, आकडे लावून त्यांची स्पर्धा उभी करायची आणि दर जाहिरातीआधी कुणाचा तरी जीव टांगणीला लावायचा. २०११ साली हिस्टरी वाहिनी भारतात नव्या रूपात आली आणि जिवावरच्या कामांचे असले कार्यक्रम आपल्याही भाषांत ऐकू येऊ लागले. ठाणे जिल्ह्यात आसनगाव स्टेशनात उतरून किन्हवली-डोळखांबकडे जाणाऱ्या, किंवा पलीकडे मुरबाड-टोकावड्याच्या माणसाच्या घरातही टीव्ही आहे. आजा कुपावर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यावर, राबलेला आणि नातू टीव्हीवर परदेशातली लाकूडतोड पाहतोय, अशी घरं या भागात असणारच.

या कार्यक्रमांतली जोखीम खोटी नाही, हे आधीच सांगायला हवं. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत २०२२ साली लाकूडतोड कामगारांचा मृत्युदर दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे सुमारे १०० होता. सगळ्या व्यवसायांची सरासरी ४ च्या आत आहे. खोटं आहे ते जोखमीचं कारण. पडद्यावर माणूस धोक्यात येतो तो वादळामुळे, कड्यामुळे नाहीतर गड्याच्या तिरसट स्वभावामुळे. प्रत्यक्षात तो घाई करतो, कारण मोबदला मालाच्या मापावर ठरतो, यंत्राचा हप्ता थकलेला असतो आणि पावसात रस्ता बंद पडला की त्या दिवसाची कमाई बुडते. टोळ्याटोळ्यांत शर्यत नसतेच. ज्याचा त्याचा ठेका वेगळा, जमीनमालक वेगळा. शिवाय तिथलं कितीतरी लाकूड आता बंद केबिनमध्ये बसलेला एकटा माणूस यंत्राने तोडतो, फांद्या साळतो आणि रचून ठेवतो. त्यात अपघात कमी होतात आणि बघण्यासारखं काही राहत नाही. कॅमेऱ्याला म्हणून चेनसॉवाला गडी लागतो.

याच कार्यक्रमातल्या एका टोळीने वॉशिंग्टन राज्यात नदीतळाशी बुडालेले जुने ओंडके बाहेर काढले. ते दृश्य टीव्हीवर आल्यावर राज्याच्या खात्याने चौकशी सुरू केली, कारण नदीतलं ते लाकूड राज्याच्या मालकीचं आणि परवानगी घेतलेली नव्हती. लाकूड कुणाचं, तोडायची किंवा काढायची परवानगी कुणाची आणि पैसे कुणाला, हे या धंद्यातले पहिले तीन प्रश्न. कार्यक्रमात ते कुणी विचारलेच नव्हते. मला वाटतं, पडद्यावरच्या लाकूडतोड्याची सगळी वंशावळ या गाळलेल्या प्रश्नांवर उभी आहे. कुऱ्हाड दाखवायची आणि हिशेब झाकायचा, ही रीत टीव्हीने शोधलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली.

अमेरिकेत त्या वारशाचा मूळपुरुष पॉल बनियन. एका घावात रान साफ करणारा अचाट लाकूडतोड्या, सोबत निळा बैल. तोडीच्या छावण्यांत त्याच्या गोष्टी आधीपासून सांगितल्या जात असतील, पण तो घरोघर पोचला १९१४ पासून. रेड रिव्हर लंबर कंपनी या लाकडाच्या कंपनीने त्या साली त्याच्यावर जाहिरातीची पुस्तिका काढली. लिहिणारा आणि चित्रं काढणारा विल्यम लाफहेड हा त्या कंपनीचा जाहिरातवाला. म्हणजे हसऱ्या, न थकणाऱ्या, मजुरीबद्दल अवाक्षर न काढणाऱ्या लाकूडतोड्याचं ते चित्र लाकूड विकणाऱ्याने खपवलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या वायव्येतले खरे लाकूडतोडे संपावर गेले. आठ तासांचा दिवस हवा, छावणीत स्वच्छ अंथरूण हवं, अशा त्यांच्या मागण्या. १९१८ च्या मार्चमध्ये आठ तास मान्य झाले. त्या संपावर मुलांसाठी चित्रांचं पुस्तक कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडेही मुलांना माहीत असतो तो इसापनीतीतला लाकूडतोड्या. नदीत कुऱ्हाड पडते, देव सोन्याची पुढे करतो आणि परीक्षा होते ती गरिबाच्या प्रामाणिकपणाची. मोळीला बाजारात काय भाव मिळाला, हे त्या गोष्टीत येत नाही.

ठाणे जिल्ह्यात ही वंशावळ रेल्वेच्या रुळांशेजारून शोधावी लागते. १८५३ साली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ ला कल्याणला, १८५५ ला वासिंदला. १८६० साली ती आसनगावला पोचली, पुढच्या साली कसाऱ्याला, आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. तोवर इथलं लाकूड बैलगाडीने कल्याण-भिवंडीच्या खाडीपर्यंत आणि तिथून होडीने मुंबईला जायचं. रेल्वे आल्यावर शहापूरचं रान मुंबईच्या दारात आलं. शहराला इमारती लाकूड हवं होतं, सरपण हवं होतं, कोळसा हवा होता. रान तेव्हा मोजलं जाऊ लागलं आणि त्याला कुंपण पडलं ते कायद्याचं. मुंबई इलाख्यात १८४७ सालीच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनांचे पहिले कॉन्झर्वेटर नेमलं होतं. १८६५ चा वन कायदा आला, मग १८७८ चा, आणि रानाची राखीव-संरक्षित अशी वाटणी झाली.

इथला कुणबी, ठाकर, वारली, कातकरी रानात जायचा तो आधी स्वतःच्या गरजेला. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे शेण, पालापाचोळा, झाडाच्या टहाळ्या आणि गवत वाफ्यावर पसरून पावसाआधी जाळायचं. ऐनाची टहाळी तोडल्याशिवाय राब नाही आणि राबाशिवाय रोप नाही. टहाळीवर बंधनं आली तेव्हा ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की सरकारला १८८५ साली बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या हाताने स्वतःच्या राबासाठी टहाळी तोडली तो हात गुन्हेगार ठरला, आणि त्याच हाताने ठेकेदाराच्या कुपात सागाचं खोड आडवं केलं तर तो मजूर ठरला. कुऱ्हाड तीच आणि माणूस तोच, फरक परवान्याचा. लाकूडतोड्या म्हटला की चोर किंवा पहिलवान, असे दोनच मुखवटे पुढे पडद्यावर आले, त्यांची मुळं मला इथे दिसतात.

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं गेलं. त्यात कातकरी येतो तो खैरापासून काथ करणारा, कोळसा पाडणारा, लाकूडफाटा विकणारा म्हणून, आणि सोबत चोरटेपणाचा शेराही मारलेला आहे. खैर सरकारने राखायला घेतल्यावर काथाचा पिढीजात धंदा बसला आणि माणसं कोळशाच्या भट्टीवर व दुसऱ्याच्या बांधावर गेली. गॅझेटिअर वाचताना माणसाची सवय, कपडे, देव, खाणंपिणं यांचं बारीक वर्णन सापडतं. त्याच्या डोक्यावर कर्ज किती आणि ते कुणाचं, हे तितक्या बारकाईने हाती लागत नाही.

कर्जाची बाजू कागदावर यायला १९३८-३९ साल उजाडलं. मुंबई इलाख्यातल्या बाळासाहेब खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला सांगितलं. त्याच्या अहवालात सावकार, जमीनदार आणि जंगलाचा ठेकेदार तिघेही आले. वेठ आली, पावसाळ्यात दिलेल्या धान्यावर वर्षभर राबवून घेणं आलं, लग्नासाठी घेतलेल्या रकमेपायी स्वतः आणि बायको जन्मभर गहाण पडणारा लग्नगडी आला. ठेकेदारीची चाल साधी होती. सरकार कुपाचा लिलाव करी, जास्त बोली बोलणारा तो घेई आणि बोलीत वाढवलेले पैसे मजुरीतून काढी. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसताना त्याचा माणूस खावटीचं धान्य घेऊन येई. दिवाळी झाली की ज्याने खावटी खाल्ली त्याने कुपावर हजर व्हायचं. रचलेल्या लाकडाचं माप ठेकेदार घेणार, हिशेबाची वही ठेकेदाराची आणि अंगठा मजुराचा.

या पिळवणुकीला पहिला मोठा धक्का बसला तो आसनगावच्या तीन स्टेशनं अलीकडे, टिटवाळ्याला. जानेवारी १९४५ मध्ये तिथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने उंबरगाव-डहाणू भागातले वारली त्या वर्षी वेठ आणि लग्नगडीविरुद्ध उठले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. १९४६ च्या हंगामात जंगलकामगारांनी तोडीच्या कामाला रोज सव्वा रुपया मागितला आणि कुपं बंद पाडली. महिनाभराच्या संपानंतर लाकूड व्यापाऱ्यांना तो दर मानावा लागला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. माझ्या मते मराठीत जंगलमजुराच्या कामाचा हिशेब पहिल्यांदा त्याच्या बाजूने मांडला गेला तो या पुस्तकात. पडद्याने त्यातला सव्वा रुपया उचलला असता, तर आपल्याकडची पुढची चित्रं फार वेगळी निघाली असती.

खेर १९४६ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले. ठाणे जिल्ह्यात त्यांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढलेलंच होतं. आता ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचं ठरलं आणि १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. सुरुवातीची क्षेत्रं ठाणे आणि पश्चिम खानदेश. मजुरी ठरलेल्या दराने, नफ्यात सभासदांचा वाटा, देखरेखीला सेवाभावी मंडळ. शहापूर-मुरबाडकडे संस्थेचं कूप हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. सगळ्या संस्था सरळ चालल्या असं नाही. कित्येक ठिकाणी सभासद आदिवासी आणि सूत्रं मात्र चिटणीसाच्या किंवा मागच्या व्यापाऱ्याच्या हाती, असंही झालं. तरी लिलावातून मजुरी कापायची वाट पहिल्यांदा अडवली गेली, ही या जिल्ह्याची मोठी कमाई आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. १९७४ साली राज्याचं वनविकास महामंडळ आलं, १९८० साली वनसंवर्धन कायदा, १९८८ साली नवं वनधोरण. तोड आक्रसली तशा संस्थाही मागे पडल्या.

कॅमेऱ्याला काय दिसू शकलं असतं, ते कुपावर जाऊन पाहण्यासारखं आहे. कूप आखताना तोडीच्या झाडाची साल दोन ठिकाणी तासतात आणि हातोड्याचा ठसा मारतात. एक ठसा छातीच्या उंचीवर, दुसरा बुंध्याशी. झाड पडल्यावर खुंटावरचा खालचा ठसा शाबूत दिसला पाहिजे. तो गेला तर तोड चोरीची ठरते. पण सागाच्या खुंटाला पुन्हा फुटवा यायचा असेल तर घाव शक्य तितका जमिनीलगत हवा. शिवाय खुंटाचं तोंड तिरपं आणि गुळगुळीत हवं. चिरफळलं तर त्यात पाणी मुरतं आणि खुंट कुजतो. म्हणजे ठशाच्या वर आणि तरीही जमिनीलगत, अशा वीतभर जागेत सगळं कसब. झाड कुठल्या अंगाला झुकलंय ते बघून त्या बाजूला आधी खाच घ्यायची, मग मागून करवत, करवत अडकू लागली की पाचर. झाड पडतं तो क्षण काही सेकंदांचा. टीव्हीला तेवढाच हवा असतो. त्यानंतर ओंडक्याची लांबी, घेर, क्रमांक, वहीतली नोंद, साग वेगळा आणि आडजात वेगळी, थप्पी, वाहतुकीचा पास, डेपो. मजुराचे पैसे या दुसऱ्या भागात ठरतात. तिथे टेप जरा सैल धरला की दिवसाच्या कमाईतून काय जातं, ते त्याला न मोजताही कळतं.

कोळशाची भट्टी तर टीव्हीच्या कामाचीच नाही, इतकी ती संथ. भाताची कापणी संपली की कातकरी जोडपी पोरांसकट उचल घेऊन भट्टीवर जातात, ती उन्हाळा सरता सरता परततात. लाकडं रचायची, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा लेप, मग आग. भडका होऊ द्यायचा नाही, नुसतं धुमसू द्यायचं. सुरुवातीला धूर दाट पांढरा येतो. दिवस जातात तसा तो विरळ होतो आणि निळसर पडला की कोळसा तयार होत आलेला असतो. मधल्या काळात रात्रंदिवस कुणीतरी जागं राहायचं, कारण माती तडकून हवा आत शिरली की आतल्या लाकडाची राख होते. चीर दिसली की ओली माती थापायची. हे काम बाईच्या वाट्याला निम्म्याहून कमी नसतं, आणि पडद्यावरच्या लाकूडतोडीत बाई क्वचितच दिसते. पैसे गोणीवर. हंगाम संपल्यावर उचलीतून गोण्या वजा करायच्या आणि पुष्कळदा शिल्लक राहते ती अंगावरची बाकी. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. श्रमजीवी संघटनेला त्यानंतरही ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी वर्षानुवर्षं लढावं लागलं.

आपल्या पडद्यावर या माणसांचं काय झालं? १९७७ च्या ‘जैत रे जैत’ने ठाकर मराठी घराघरात नेला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातला ठाकर ढोल वाजवतो, मधाच्या पोळ्यासाठी सुळक्याला भिडतो. सिनेमा सुंदर आहे, पण कुपावर हजेरी लावणारा ठाकर त्याच्या कक्षेत येत नाही. २०२१ च्या ‘पुष्पा’त रक्तचंदन तोडणारा हमाल टोळीचा सरदार होतो आणि त्याची चाल, त्याचं हनुवटीखालून हात फिरवणं गावोगावची पोरं उचलतात. खऱ्या शेषाचलम जंगलात ७ एप्रिल २०१५ रोजी आंध्र पोलिसांच्या गोळ्यांनी २० माणसं मेली. ती तमिळनाडूतून आलेली, रोजंदारीच्या आशेने कुऱ्हाड धरलेली गरीब माणसं होती. खैराची चोरटी तोड ठाणे-पालघरलाही नवी नाही. इथेही रात्री रानात सापडतो तो मजूर, आणि माल घेणारा लांब असतो.

रिॲलिटी शोने मात्र एक पाऊल पुढे टाकलं. सिनेमा निदान गोष्ट सांगतोय असं कबूल करतो. डिसेंबर २०२३ मध्ये झी मराठीवर ‘जाऊ बाई गावात’ सुरू झाला. शहरात वाढलेल्या मुली गावात राहायला येतात, शेणाची, गोठ्याची, रानातली कामं त्यांना टास्क म्हणून मिळतात. त्या मुली मन लावून काम करतात, गावकरी प्रेमाने शिकवतात, यात खोट काढण्यासारखं काही नाही. माझी तक्रार मांडणीवर आहे. काम अवघड वाटतं ते नवखी करते म्हणून. जी बाई ते रोज करते तिला ते जमतंच, म्हणून तिचे कष्ट दिसेनासे होतात आणि ती पंच होऊन बाजूला उभी राहते. हरलेल्या मुलीला घरी जायला मिळतं. भट्टीवरच्या बाईला उचल फिटल्याशिवाय घरी जाता येत नाही. ‘ॲक्स मेन’मध्ये मजुरी शर्यतीखाली झाकली गेली, इथे ती कौतुकाखाली झाकली जाते. उद्या एखाद्या वाहिनीने शहापूरच्या रानात मोळी बांधण्याची स्पर्धा घेतली, तरी मोळीवालीला आसनगावच्या बाजारात काय मिळतं, हा प्रश्न निवेदक विचारेल असं आजची रीत पाहता वाटत नाही.

ज्याने पाहिलं त्याने लिहिलं, ज्याने विकलं त्याने रंगवलं, आणि लाकूडतोड्याचं स्वतःचं सांगणं कुठे नोंदलंच गेलं नाही, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास. त्याला अलीकडे एक फाटा फुटला, तोही टीव्हीवर नाही, सरकारी नियमात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. रानातल्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्याच्या बाजूने गावातल्या वडीलधाऱ्याने, जो स्वतः दावेदार नाही अशाने, दिलेला लेखी जबाब त्यात पुरावा म्हणून चालतो. म्हणजे कुपावर राबलेल्या म्हाताऱ्याने ग्रामसभेपुढे सांगितलं, की अमक्याचा बाप रानातल्या या दळीच्या तुकड्यात नाचणी पेरायचा, तोडीच्या हंगामात आम्ही याच पाण्यावर उतरायचो, तर ते बोलणं कागदावर चढतं आणि प्रांताच्या कचेरीपर्यंत जातं. त्याच नियमात सरकारी कागदपत्रांच्या यादीत गॅझेटिअरही आहे. कातकऱ्यावर चोरटेपणाचा शेरा मारणारं १८८२ चं पुस्तक आज त्याच्या पणतूच्या दाव्याला जोडता येतं, कारण हे लोक तेव्हा याच रानात राहत होते, एवढं तरी त्यात लिहिलेलं आहे.